बांगडी तोफेचा बार

रुखमाबाईची दारू खराब होती, असं आजही कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. साफ खोटं आहे ते. मी तिथं उभा होतो.

रिठदच्या पलीकडच्या आमच्या गावात सुरुंगाची दारू तीच करायची. सोरा, गंधक आणि तुराट्यांचा कोळसा. विहिरी खोदणाऱ्यांसाठी ती मिश्रण ओलं करून चाळणीतून दाबायची आणि दाणे वाळवायची. त्या दाण्यांनी काळा खडक फुटायचा. गढीवरच्या जुन्या तोफेसाठी मात्र नुसती पिठासारखी, हळू पेटणारी दारू. ती तोफ ओतीव नव्हती. लोखंडी पट्ट्या जुळवून वरून बांगड्यांसारखी कडी ठोकलेली. दारूचे दाणे पाडायची विद्या इकडे कोणाला नव्हती, त्या काळची ती तोफ. दसऱ्याला तिचा एक बार व्हायचा. बत्तीचा मान रुखमाबाईच्या नवऱ्याचा, शालिग्रामचा.

चौऱ्याहत्तर साली इंद्रभान पाटलांना आवाज थेट मालेगावला पोचवायचा होता. त्यांनी विहिरीवरचा दाण्यांचा डबा आणून तोफेत रिकामा केला. रुखमाबाई आडवी आली.

"पाटील, हे दान्याची दारू हाये. एकदम भडकते. त्या पट्ट्यायले झेपत नाई. तोफ फुटन!"

"तोफीतलं बाईले काय समजते? सरक तिकडं!"

शालिग्रामने तिच्याकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं, आणि बत्ती दिली. त्याला मान सोडवेना. आम्ही शंभर माणसं होतो. एकाने तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

तोफेच्या चिरफाळ्या झाल्या. शालिग्रामचा उजवा हात मनगटापासून गेला. तिसऱ्या दिवशी पाटील पारावर म्हणाले, "बाईची दारूच खराब होती." गावाने माना डोलावल्या. नंदीबैल सगळे!

पुढच्या दसऱ्याला पाटलांनी लोहाराकडून तोफ पुन्हा बांधून घेतली आणि दारूसाठी निरोप धाडला. रुखमाबाई स्वतः आली, शालिग्रामला घेऊन. तिने सगळ्यांसमोर दोन डबे मांडले.

"हे पिठाची, हे दान्याची. दोनीबी माह्या हातच्या, म्हंजे दोनीबी खराब. कोंतीबी भरा. पन औंदा बत्ती तुमी द्या."

 पाटील खाली वाकले आणि त्यांनी पिठाचा डबा उचलला.

"समजते तं तुमाले," रुखमाबाई म्हणाली. "मंग माह्या मानसाचा हात काहून नेला?"