उलटा आलेला भंडारा

त्या दिवशी मी डॉक्टरांशी भांडून आलो होतो, तरी राग उरला होता. तो खंडोबासाठी ठेवला.

माझी पोर जन्मली तीच दुभंगलेला ओठ आणि उघडी टाळू घेऊन. लहानपणीच दोन्ही शिवून घेतलं, गावजेवण घातलं आणि देवाला म्हटलं, फिटलं! आता पोर दहा वर्षांची झाली, तर ओठ वर ओढलेला, एक नाकपुडी बसलेली, टाळूला राहिलेल्या भोकातून चहा नाकात. ‘पप्पा’ म्हणायला जावं तर ‘मम्मा’ निघायचं. पोरं हसायची, म्हणून तिनं बोलणंच टाकलं. भावकीतली आजी बायकोला तोंडावर म्हणायची, “ग्रहणात इळीवर बसली, दुसरं काय?” आणि डॉक्टर म्हणे, पुन्हा ऑपरेशन. “म्हणजे पहिलं बिघडवलंत!” मी ओरडलो.

पोरीला घेऊन पुण्याहून इंदापूरला परतताना भिगवणला थांबलो. बायकोनं खिशात भंडाऱ्याची पुडी ठेवली होती. धरणाच्या पाण्याकडं तोंड करून देवाला म्हटलं, “घे तुझी हळद परत!” आणि उधळली. जन्मभर शेतात राबलो, पण वारा कुठला ते बघितलं नाही. अर्धी माझ्या डोळ्यांत, अर्धी खानावळीबाहेर जेवणाऱ्या एका बाईच्या ताटात.

“ओ दादा, माशाला हळद आधीच लावलीया!”

आवाज किंचित नाकातला. ओठावर बारीक शिवण. माफी मागायची सोडून मी तिचा ओठच बघत बसलो, मग सगळं भडाभडा ओकलो.

“कुणी बिघडवलं न्हाय,” ती म्हणाली. “तान्हेपणीचं झबलं आता बसंल व्हय? चेहरा वाढतो, शिवण मागं वढती. माझं बी परत करावं लागलं. आन् माझ्या आयनं तर ग्रहण पाळलं हुतं, जागची हालली न्हाय!”

पोर माझ्या पिवळ्या तोंडाकडं बघून हसली. ओठावर हात न धरता.

पुढं ऑपरेशन करून टाळूचं भोक बुजवलं. नाकाचं काम वाढ पुरी झाल्यावर बघायचं आहे. बोलण्याचा सराव रोज चालतो. परवा आजीनं पुन्हा ग्रहण काढलं. मी शिव्यांना सुरुवात करणार, तोच पोर म्हणाली, “पप्पा, गप्प बसा. आज्जी, तुमी बी गप्प बसा.”

एकेक ‘प’ आणि ‘ब’ स्वच्छ. मी देवघरात जाऊन रडलो.

त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही, एवढा मी शहाणा. राग अजून आहेच. पण हल्ली भंडारा उधळताना वारा तेवढा बघतो. बाकीचं त्याच्यावर सोडतो.