आठ अक्षरांचा गुणवंता

सौंसरच्या बस स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला संत्रेवाल्यांच्या सोसायटीची लांबट इमारत लागे. मागे पेट्या भरायचं शेड, पुढे ऑफिस, अन् ऑफिसच्या भिंतीला चिकटून एवढीशी एक खोली. त्या खोलीत गुणवंता शिवणमशिनी दुरुस्त करे. दुरुस्त तो नंतर करे, आधी ऐके. बाई मशीन घेऊन येई, "गुणवंताभाऊ, टाका सुटून राहिला हो" म्हणे, अन् हा गडी मशिनीच्या डोक्यावर कान टेकवून डोळे मिटून घेई. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाई बिचारी उभीच.

लोधीखेड्याची लग्नाला आलेली प्रमिला तर एकदा वैतागलीच. म्हणाली, "जामसावळीचा मारुती बी आडवा निजूनच हाय, पण तो नवसाले तरी पावते. तुमी कशाले पावता?"

गुणवंतानं डोळे उघडले अन् हळूच म्हणाला, "हिच्या पोटात धागा अडकला हाय. लाल असन."

निघाला लालच. आता अशा माणसाला काय बोलणार तुम्ही?

वय अडतीस-एकोणचाळीस. लग्न नाही. होणार तरी कसं? मुलगी पाहायला मोहगावला गेला होता म्हणे, तिथे भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी बिघाड ऐकू आला, तर मुलीकडे पाहायचं सोडून घड्याळच खाली उतरवून बसला. घड्याळ दुरुस्त झालं. सोयरीक नाही झाली. पुढ्यातला चहा याचा रोज थंड होई, अन् संत्र्याचा बहार फुटायच्या दिवसांत मळ्यांकडून वास आला की हातातला स्क्रू हातातच राही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत भिंतीच्या पलीकडे कंपूटर आला. नारळ दूर अंगणात फोडला, पाणी उडू नये म्हणून. त्या खोलीत चपला काढून जायचं. चालवायला आली अनुराधा, यशवंतराव मास्तरांची मुलगी, नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून. तिशी ओलांडलेली, कामाला पक्की, नाकावर चष्मा अन् चष्म्यावर राग.

रोज सकाळी नऊला गुणवंता भिंतीला कान लावे. पहिले पंखा, सूं करून. मग घुरघुर, मांजरीला मांडीवर घेतल्यासारखी. मग तीन टिचक्या. अन् मग अनुराधाच्या बांगड्या. तो मशीन ऐकत होता का बांगड्या, हे त्यालाच विचारा.

त्या हिवाळ्यात सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी मनावर घेतलं, की समाजाचा वधू-वर मेळावा यंदा सौंसरला भरवायचा अन् मुलामुलींच्या माहितीचं पुस्तक कंपूटरातून काढायचं. पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत दोनशे चौदा फॉर्म आले. अनुराधानं एकेक करून सगळे मशिनीत टाकले. मराठी अक्षरं त्या मशिनीत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. दोनशे चौदा जणांची स्थळं हिच्या बोटांखालून गेली. हिचं स्वतःचं त्यात नव्हतं. काय म्हणून नव्हतं, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

टाईप झालं तेव्हा ऑफिसच्या अलमारीला वाळवी लागली. दोन दिवस औषध मारायचं होतं. अनुराधानं फॉर्मचा गठ्ठा शेजारी नेऊन दिला. "गुणवंताभाऊ, दोनच दिवस सांभाळा."

"फिकर नका करू मॅडम."

दुसऱ्याच दिवशी शेडमधली शांताबाई आली. पेट्यांत संत्र्यांखाली घालायला रद्दी पाहिजे होती. गुणवंताचा कान मशिनीवर, डोळे मिटलेले. शांताबाईनं विचारलं, "हे नेऊ का गा?" त्यानं न पाहताच हात हलवला, "न्या ना माय."

झालं. दोनशे चौदा जणांची गोत्रं, शिक्षणं अन् उंच्या तनसाच्या काड्यांसोबत पेट्यांत बसल्या अन् कलकत्त्याला गेल्या. गुणवंता पुढे कितीक दिवस मनात पाहात राहिला: दूरच्या त्या गावात कोणी बाई संत्रं सोलून राहिली आहे, अन् मांडीवर पसरलेल्या कागदावर आमच्या मोहगावच्या पोरीचा फोटो तिच्याकडे पाहून हसून राहिला आहे. त्याला ते इतकं गोड वाटे, की आपण गुन्हा केला आहे हे मधेमधे विसरूनच जाई.

अनुराधा विसरली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोलेनाशीच झाली. बारा दिवस भिंतीपलीकडून बांगड्या वाजत, टिचक्या वाजत, पण "गुणवंताभाऊ, चहा घेता का" ही रोजची हाक काही येईना.

तेराव्या दिवशी, मंगळवारी, कडाक्याची थंडी होती. नऊ वाजले. गुणवंतानं भिंतीला कान लावला. पंखा, सूं. मग काहीच नाही. घुरघुर नाही, टिचक्या नाहीत. बांगड्याही नाहीत.

थोड्या वेळानं तिकडून पुंडलिकरावांचा आवाज आला. "काय झालं पोरी?"

"काका, सुरूच होत नाही. इंग्रजीत एकच ओळ दाखवते, की डिस्क सापडत नाही."

"अन् आपले पोरंपोरी?"

"सगळे आतमधे आहेत काका. फ्लॉपीवर उतरवणार होते, शेवटी एकदाच सगळं घेऊ म्हणून ठेवलं." फॉर्म नाहीत, फ्लॉपी नाही. रविवारी मेळावा, अन् नागपूरच्या छापखान्यानं सांगून ठेवलं होतं, मंगळवारी दुपारपर्यंत द्या, नाही तर पुस्तक विसरा.

नागपूरला ट्रंक कॉल लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, डिस्क बसली, आठ दिवसांनी येतो, नवीन टाकू, जुनं सगळं गेलं समजा.

गुणवंता दारात येऊन उभा राहिला. चपला काढल्या. पुंडलिकरावांनी पाहिलं अन् कपाळाला हात लावला. "हा काहून आला बाप्पा इथे? आता काय कंपूटर पाठवतो का कलकत्त्याले?"

"काकाजी, तिची घुरघुर नाही झाली आज," गुणवंता खाली पाहून बोलला.

"कोणाची?"

"आत जे फिरते, तिची. पंखा फिरून राहिला हाय, पण ते दुसरं नाही. थंडीत मशीनबी अशीच बसते. तेल गोठते. बायका एकदम पायडल हाणतात. तसं नाही करायचं. चाकाले हातानं पयला फेरा द्या लागते."

अनुराधानं चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. तेरा दिवसांनी पहिल्यांदा. "तुम्हाला काय माहीत घुरघुर कोणती अन् पंखा कोणता?"

गुणवंता एकदम लाल झाला. भिंतीकडे पाहू लागला. पुंडलिकरावही भिंतीकडे पाहू लागले. भिंत बिचारी काय सांगणार!

"कागद सांभाळता येत नाही त्याच्या हातात मशीन द्यायची का?" पुंडलिकराव म्हणाले.

"काका, अकराला विजेची लाईन जाते," अनुराधा म्हणाली. "अन् गेलेलंच आहे म्हणतात, तर अजून काय जाणार आहे?" अन् तिनं बशी पुढे केली, स्क्रू ठेवायला.

सव्वादहाला कंपूटरचा डबा उघडला. आत विटेएवढी लोखंडी पेटी होती, तीच डिस्क. गुणवंतानं वायरी न काढता ती बाहेर घेतली अन् तळहातावर लाल फडक्याची घडी घालून तिच्यावर ठेवली. डोळे मिटले.

"झोपू नका," अनुराधा म्हणाली.

"बटन दाबा मॅडम, अन् सांगा."

"दाबलं!"

त्यानं मनगट फिरवलं, बरणीचं झाकण उघडावं तसं, हलकंच. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. पुंडलिकरावांनी मोठ्ठा उसासा टाकला. तिसऱ्यांदा गुणवंतानं मनगट नाही, सगळा हातच वळवला, झोपलेलं लेकरू या कुशीवरून त्या कुशीवर करावं तसा.

घुरघुर झाली.

मग तीन टिचक्या. पडद्यावर अक्षरं आली अन् अनुराधाच्या तोंडून "आई गं" निघालं.

"खाली ठेवू का?" गुणवंतानं विचारलं. जरा टेकवायला गेला तर घुरघुर घोगरी झाली. "नाही, हातातच राहू द्या!" ती ओरडली. मग तो तसाच बसला, स्टुलावर, हात पुढे करून, हळदीकुंकवाचं ताट धरल्यासारखा.

अनुराधानं फायली गावागावांच्या केल्या होत्या. मशीन फाईलच्या नावाला आठच अक्षरं घेई, म्हणून पांढुर्ण्याचं शेवटचं अक्षर बाहेर राहिलं होतं अन् लोधीखेडा लोधीखेपाशीच थांबला होता. एकेक गाव ती फ्लॉपीवर उतरवू लागली. मधेच मशीन अडे अन् इंग्रजीत विचारे, सोडून देऊ, का पुन्हा पाहू? ती म्हणे, "जरा वळवा." तो तळहात तसूभर वळवी. ती म्हणे, "पुन्हा पाहा रे बाप्पा," अन् बोट दाबे. अन् गाव उतरे.

गुणवंताचे डोळे केव्हाच मिटले होते. तळहाताखाली काहीतरी गरम फिरून राहिलं होतं. अन् काय सांगावं, त्याला ते सगळे दिसू लागले. मोहगावच्या पोरी नव्या लुगड्यांत पदर सावरत त्याच्या हातावरून चालल्या होत्या. पांढुर्ण्याची पोरं केसांना तेल लावून मागून येत होती. कोणी बी.ए. होतं, कोणी मॅट्रिक, कोणाची उंची फॉर्मात दोन इंच वाढवलेली, तीही आता खरीच वाटत होती. एकमेकांकडे चोरून पाहात सगळे हातावरून उतरत, बोटांच्या टोकांशी जरा थबकत अन् संत्र्याच्या फुलांच्या वासात शिरून जात. कोणाला घाई नव्हती. तो श्वासही जपून घेत होता, एखादी पोर हातावरून पडायची म्हणून.

"झोपले काय?"

"नाही. मोजून राहिलो."

"किती झाले?"

"लोधीखेड्याची प्रमिला आताच गेली."

अनुराधानं पडद्याकडे पाहिलं. खरंच, लोधीखेडा आताच उतरला होता. तिच्या अंगावर काटा आला, पण ती मास्तरांची मुलगी. "उगाच काहीतरी," म्हणाली.

अकराला पाच कमी. पुंडलिकराव घड्याळ धरून उभे. "झालं का पोरी?"

"झालं काका. दोनशे चौदा." तिनं फ्लॉपीला हात घातला अन् थांबली.

"एक राहिली का?" गुणवंतानं डोळे न उघडता विचारलं. "थांबली हाय ती. मले कळून राहिलं."

"तिचं काही काम नाही."

"हातात हाय तवर घेऊन घ्या ना मॅडम. एकदा थांबली तर पुन्हा नाही उठणार हे."

तिनं ओठ चावला अन् बोटं दाबली. गुणवंतानं डोळे उघडले. इंग्रजी त्याला शिवणमशिनीवरच्या पाट्या वाचण्यापुरतं येई. त्यानं पडद्यावरचं एकेक अक्षर लावलं. जी. यू. एन. व्ही. पुढचं वाचायला तो पडद्याकडे वाकला अन् मशीन अडली.

"हलू नका!" ती ओरडली. "तक्रार आहे ती! तुमच्या नावाची. काकांना द्यायची होती. फॉर्म गेले त्या दिवशी लिहिली."

"कोणती तक्रार?" पुंडलिकराव म्हणाले.

"की गुणवंता यांच्याजवळ यापुढे सोसायटीचा एकही कागद देऊ नये. सांभाळायला तर बिलकुल देऊ नये."

गुणवंतानं मान हलवली. म्हणाला, "बरोबर लिहिलं. पण फाईलवर नुसतं गुणवंता काहून? तुमी तं भाऊ म्हणता."

"मशीन आठच अक्षरं घेते," ती पडद्याकडे पाहात म्हणाली. तिचे कान मात्र लाल झाले होते. "भाऊला जागा नव्हती."

फाईल उतरली, फ्लॉपीवरचा दिवा विझला, अन् लगेच लाईन गेली. पंखा थांबला. गुणवंताच्या हातातली घुरघुर हळू झाली, अजून हळू, अन् निजली. त्यानं डिस्क फडक्यासकट टेबलावर ठेवली. त्यानंतर ती काही उठली नाही.

साडेअकराच्या नागपूरच्या बसवर अनुराधा निघाली. गुणवंता थैली घेऊन मागे. चढताना तिनं पाकिटात घातलेली फ्लॉपी त्याच्यापुढे केली. "धरा जरा. जागा पकडते."

तो दोन पावलं मागे सरला. "मॅडम, तुमच्या तक्रारीत तं..."

"तक्रारीत कागद लिहिलं आहे. हा कागद होय का?"

त्यानं थैली पायरीवर ठेवली अन् प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढे केले. ती वर चढली. तो खाली उभा. तळहातात अजून काहीतरी फिरत होतं, मळ्यांकडून फुलांचा वास येत होता, अन् त्याच्या मनात सगळ्या पोरी पुन्हा एकदा रांगेनं चालू लागल्या. या वेळी सगळ्यांच्या शेवटी एक चष्मेवाली होती.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. दोनशे चौदा जणांची लग्नं हातात धरून गुणवंता तिथेच उभा, बसकडे गोड हसून पाहात!

खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला. "गुणवंताभाऊ" म्हणायला आता वेळच नव्हता.

"अहो! द्या ना ते! अहो!"

गुणवंतानं मागे वळून पाहिलं, ही कोणाला हाक मारून राहिली म्हणून. मागे कोणीच नव्हतं. एक गाय होती. मग तो असा पळाला, असा पळाला, की एक चप्पल स्टँडावरच राहिली. फ्लॉपी खिडकीतून आत गेली तेव्हा अर्धी बस हसून राहिली होती, अन् अनुराधानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला होता.