मागं फिरणारे अण्णा

हंबर्डे अण्णा गेममध्ये शिरताना आधी घसा खाकरायचे. परक्या घराच्या उंबऱ्याशी खाकरतात तसं, आत बायामाणसं असतील तर सावध व्हावीत म्हणून. मग मोबाईलमधून आवाज यायचा, "रामराम मंडळी. हाय का कुणी?" आम्ही तिघं आधीच येऊन बसलेलो असायचो. "या अण्णा" असं कुणीतरी म्हटल्याशिवाय ते पडद्यावरच्या फाटकातून पाऊल पुढे टाकत नसत. संतोष वैतागायचा. "अण्णा, गेम हाय तो. या की सरळ आत." अण्णा म्हणायचे, "गेम असंल बाबा, पण बोलवल्याबिगर कसं यावं?"

आम्ही चौघं लोह्याच्या एका सरकारी कचेरीत बरोबर होतो. दुपारी सगळे डबे एकाच टेबलावर उघडायचे आणि कुणाच्या डब्यातलं कोण खातंय, हे कुणी बघत नसे. मग बदल्या झाल्या. मी लातूरला, शकीलभाई देगलूरला, संतोष पार इस्लापूरला. अण्णा निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले आणि वर्षभरात काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा आणि टीव्ही, एवढंच उरलं. तेव्हा संतोषनेच आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर हा गेम टाकून दिला. संध्याकाळी अण्णा पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवायचे, ताट पुढ्यात घ्यायचे आणि आमच्यात येऊन बसायचे. मला एकदा म्हणाले, "माय, एकट्याला घास उतरत न्हाई बघ. तुमचा कालवा चालू असला की दोन भाकरी जातेत."

गेम साधाच होता. उजाड माळावर गाव वसवायचं. लाकडं आणायची, विहीर खणायची, लांडगे आले की सगळ्यांनी मिळून हाकलायचे. हरणं-जिंकणं नाही. अण्णांनी तिथे इर्जिक चालू केली. ज्याची पेरणी मागे पडली त्याच्या रानात साऱ्या गावाने औतं घेऊन जायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. शेवटचं औत बांधाला लागल्याशिवाय पंगत बसत नसे, असं ते सांगायचे. मी कचेरीतून दमून उशिरा उगवायची, तर माझ्या झोपडीवर छप्पर चढलेलं असायचं. "आभार बिभार ठिव तुझ्याजवळ. काय जेवलीस ते सांग," अण्णा म्हणायचे.

गाव बांधून पुरं झालं की एक दरवाजा उघडायचा. त्याच्या पलीकडे किल्ला. तिथे चौघाचौघांचे संघ, डोक्यावर घड्याळ आणि रोज लागणारी क्रमवारी. "खरा गेम हितून सुरू होतोय," संतोष म्हणाला. त्याचं मला कळत होतं. इस्लापूरला अडकून पडला होता, बदलीचा अर्ज कुठे धूळ खात होता देव जाणे. कुठेतरी आपलं नाव वर चढावं असं वाटणारच माणसाला. किल्ल्याचा नियम असा की कडा चढताना कुणी पडला तर त्याला सोडून पुढे जायचं. तिघं माथ्यावर पोचले की संघ जिंकला. हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग चौघं कशाला नेतेत? तिघंच न्यायचे की."

चढायला लागलो आणि तेच झालं. कुणी पडलं की अण्णा मागे फिरायचे. शकीलभाई पडले, फिरले. मी पडले, फिरले. आमचं नाव रोज तळाला. एका संध्याकाळी मात्र आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मी आणि शकीलभाई माथ्यावर पोचलो, अण्णा हाताच्या अंतरावर आले, आणि त्यांच्या मागून येणारा संतोषच घसरला. तो ओरडत होता, "अण्णा, वर जावा! मला सोडा, वर जावा!" अण्णा वळले. "आलो रे बाबा, दम खा जरा." त्यांनी त्याला उठवेपर्यंत दुसऱ्या संघाने माथ्यावर झेंडा लावला होता.

संतोषचा तोल गेला. "कुणी सांगितलं होतं मागं फिरायला? साधी गोष्ट ध्यानात येईना का तुमच्या?" अण्णांकडून ताट सरकवल्याचा आवाज आला. मग ते शांतपणे म्हणाले, "खरं हाय तुझं. मला हे जमायचं न्हाई. मी गावातच थांबतो, तुमी जाऊन या."

मी संतोषला फोन केला. म्हटलं, अरे, नुसता गेम नाही तो, त्या माणसाचं जेवण आहे. तो म्हणाला, "ताई, मी काय हाकललंय का त्यायला? भेटू की रोज गावात." रोजचं आठवड्यावर गेलं आणि मग तेही राहिलं. अण्णांच्या जागी कुठला तरी अनोळखी गडी आला. त्याने आपलं नावही कधी सांगितलं नाही, फक्त "चला, चला" करायचा. दिवसभर कचेरीत उद्दिष्टं, संध्याकाळी किल्ल्यावर उद्दिष्टं. कंटाळा आला म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, कारण बोलायला वेळच नसायचा. मधूनच गावात डोकावलं तर अण्णा एकटेच कुंपण दुरुस्त करत असायचे. जेवलात का विचारलं की "हाव, खाल्लं थोडं" म्हणायचे. थोडं म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं.

एकदा मी कड्यावरून घसरले. तिघं न थांबता वर गेले आणि जिंकले. मी खाली पडून होते आणि खरं सांगायचं तर पडून राहायला बरं वाटत होतं. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. "माय, गावातल्या नकाशावर तुझं नाव कड्याखाली दिसायलंय. पडलीस का?" म्हटलं, हो. "लागलं का?" मी हसले आणि हसता हसता डोळे भरले. "गावात ये," ते म्हणाले, "म्या पण आज जेवलो न्हाई अजून." मी गेले ती परत किल्ल्यावर चढले नाही. काही दिवसांनी शकीलभाईही आले. संतोष आला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. माती त्यांच्या गावी झाली. संतोष इस्लापूरहून आला आणि सगळ्यांपासून लांब, लिंबाखाली उभा राहिला. नांदेडला परतताना आम्ही एकाच जीपमध्ये बसलो. वाटेत तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी अण्णा वर गेले असते तर आपण जिंकलो असतो."

माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मी बाहेर बघत बसले. फाट्यावर जीप प्रवासी घ्यायला थांबली, ऊन नुसतं आत शिरत होतं.

"वर जावा, वर जावा म्हणून वरडायलो होतो मी," संतोष मान खाली घालून म्हणाला, "पण पडल्या पडल्या वर कशाला बघितलं ठाऊक हाय का? अण्णा वळायलेत का, ते बघितलं."