लोखंड्या नळ्या धुऊन ठेवायचा

खलनायक पडद्यावर रडला की माझ्यासाठी तो सिनेमा तिथंच संपतो. हे मी आमच्या हेब्बाळच्या ऑफिसात इतक्यांदा बोलून दाखवलंय की आता पोरं मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात. हसू देत. पण हल्ली काय चाललंय बघा. कॉमिकच्या पानावर जो माणूस नुसता उभा राहिला तरी अंगावर काटा यायचा, त्याला पडद्यावर आणला की आधी त्याला एक लहानपण चिकटवतात. बाप मारायचा, आई सोडून गेली, कुत्रं मेलं. मग अर्धा तास व्हायोलिन. अहो, कुत्रं कुणाचं मेलं नाही? म्हणून सगळे काय शहर उडवायला निघालेत?

दुसरं म्हणजे मुखवटा. कॉमिकमधला मुखवटेवाला शेवटच्या पानापर्यंत तोंड दाखवत नाही, त्यातच त्याची सगळी जरब. सिनेमात नट मोठा, त्याचं तोंड झाकून कसं भागेल? मध्यंतराच्या आत मुखवटा उतरतो आणि आतून निघतो दाढी कोरलेला, जिममध्ये घडवलेला एक गुळगुळीत बाप्या. आणि तिसरं तर विचारूच नका. दुसऱ्या भागात त्याला चांगला करतात. नायकाच्या खांद्याला खांदा लावून लढतो आणि शेवटी हसत हसत मरतो. सुंभ जळला तरी पीळ जळू नये, खलनायक असा पाहिजे. हे लोक आधी पीळच काढून टाकतात आणि उरलेला सुंभ तीन तास नाचवतात.

मी पन्नाशी ओलांडलेली, अकाउंट्समध्ये बसणारी बाई. माझ्या वयाच्या बायका संध्याकाळी मालिका बघतात, देवळात जातात. मी कॉमिकवरचा सिनेमा लागला की पहिल्याच शनिवारी ऑफिसातल्या पोरांबरोबर मॉलमधल्या थिएटरात हजर. शेजारच्या टेबलाला निपाणीकडची एक मुलगी बसते, तिला हे वेड माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच आहे. सिनेमा संपला की ती विचारते, "काय ओ मॅडम, पास का नापास?" आणि मी निकाल सांगते. बहुतेक वेळा नापासच.

हे सगळं माझं तोंड चालतं ते एका माणसाच्या जोरावर. त्याचं पुस्तकातलं इंग्रजी नाव सांगण्यात अर्थ नाही, आमच्या घरात त्याला लोखंड्या म्हणायचे. डावा हात लोखंडाचा, अंगावर फाटका लांब कोट. शहराखालच्या जुन्या पंपघरात राहायचा आणि प्रयोगशाळांची दारं फोडायचा. तो मला भेटला अक्कामुळं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आमचं घर मल्लेश्वरममध्ये, अप्पांचं कापडाचं दुकान. आम्ही इथं, कन्नड मुलखात, इतक्या पिढ्यांचे की आमची मराठी ऐकून पुण्याहून आलेले लोक विचारतात, ही कुठल्या गावची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत, कन्नड माध्यमाला. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण त्यातलं काही कळायचं नाही. अक्काचं इंग्रजी चांगलं. ती कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्यानं कॉमिक आणायची आणि दुपारी जेवणं उरकली की मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर मला घेऊन बसायची. इंग्रजी बघायचं आणि तोंडानं सरळ आमच्या घरच्या मराठीत सांगायचं, असं तिचं वाचणं. लोखंड्या आमच्यासारखाच बोलायचा. पहारेकऱ्याला म्हणायचा, "अण्णा, स्वल्प बाजूला हो."

अक्का त्या वर्षी पीयूसी, म्हणजे बारावी, झाली होती, वर्गात पहिली. तिला बीएस्सीला जायचं होतं, केमिस्ट्री घेऊन. कॉलेज घरापासून चालत जाण्याएवढं. पण आमच्या घरात मुली अप्पांशी सरळ बोलत नसत. जे काही असेल ते आईकरवी. आईनं एकदा विषय काढला, अप्पा म्हणाले, "बघू." आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही, हे मांजरालाही ठाऊक होतं. कॉलेजचे अर्ज सुरू होऊन संपले. स्थळं यायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात अक्का लग्न होऊन हुबळीला गेली. मधले ते सगळे महिने आम्ही दोघी उंबऱ्यावर लोखंड्या वाचत होतो.

अक्काच्या तोंडून ऐकलेला लोखंड्या असा. लहानपणी हुशार. प्रयोगशाळेच्या दाराशी गेला, मला आत घ्या म्हणाला, आतल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून त्यानं दार फोडायला स्वतःच लोखंडाचा हात घडवला. पण दार फोडून काय करायचा? चोरी नाही. मारामारी नाही. आत जाऊन बसायचा, प्रयोग करायचा आणि जाताना काचेच्या नळ्या धुऊन, पुसून, जागच्या जागी ठेवून जायचा. एका चित्रात तो नळाखाली नळी धरून उभा होता. त्या पानावर अक्का फार वेळ थांबायची. लोखंड्या म्हणायचा, "माझं काम बघा, मग हाकला. न बघता का हाकलताय?" मला रडू यायचं. खलनायकासाठी रडायला यावं, पण त्यानं स्वतः एक टिपूस काढू नये, हे माझं मत तिथं तयार झालं.

लायब्ररी पुढं बंद पडली. ते पुस्तक परत कधी हाताला लागलं नाही, कुणाला ते माहीतही नव्हतं. पण मी सगळ्यांना सांगत राहिले, ऑफिसात, नात्यात, जो ऐकेल त्याला. खलनायक लिहावा तर असा.

आणि गेल्या वर्षी बातमी आली, लोखंड्यावर सिनेमा येतोय. मी ऑफिसात पेढे वाटायचीच काय ती राहिले. पहिल्या शनिवारी गेलो. पडद्यावर लोखंड्या आला, हिरे चोरायला. प्रयोगशाळेत घुसला आणि लोखंडी हाताच्या एका फटक्यात सगळ्या नळ्या फोडल्या. मी खुर्चीतच ताठ झाले. बाहेर आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो पार्किंगपर्यंत थांबला नाही. ज्यानं लिहिलंय त्यानं पुस्तक उघडून तरी पाहिलंय का, म्हटलं. लोखंड्या नळ्या फोडेल? हिरे चोरेल? ह्यांना आपल्या घरात कुणी कधी शिकायला धडपडलेलं माहीत नसेल, हिरे तेवढे माहीत.

 सोमवारी निपाणीची मुलगी माझ्या टेबलाशी आली, टॅब घेऊन. सिनेमाच्या निमित्तानं जुनं कॉमिक परत छापलं होतं, तिनं ते विकत घेऊन रात्रीत वाचून काढलं होतं. "मॅडम, रागावू नका," ती म्हणाली, "पर कॉमिकमध्येबी तसंच हाय की ओ."

मी म्हटलं, आण इकडं. डबा न उघडता जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचलं. चित्रं सगळी तीच, एकेक चित्र ओळखीचं. आणि लोखंड्या एक साधा, लोभी, बडबड्या चोर. हिरे द्या, नाहीतर शहर बुडवीन, यापलीकडं त्याला बोलता येत नाही. नळाखाली नळी धरलेलं चित्रही होतं. खाली लिहिलेलं, तो शहराच्या पाण्यात विष मिसळतोय. लहानपण नाही, प्रयोगशाळेचं बंद दार नाही, काही नाही. सिनेमावाल्यांनी पुस्तक अक्षरशः पाळलं होतं. मी जन्मभर ज्याची वकिली केली तो माणूस त्या पुस्तकात कधी नव्हताच.

मला त्या दिवशी काम सुचलं नाही. वाईट वाटलं ते फजितीचं नव्हे. वाटलं, एवढं सुचणारी मुलगी आमच्या घरात होती, आणि आम्ही तिला मसाले कुटायला हुबळीला पाठवलं. तिच्या सासरचा मसाल्यांचा धंदा. तो तिनं उत्तम सांभाळला, मुलांच्या हाती दिला. तक्रार तिच्या तोंडून मी कधी ऐकलेली नाही. मलाही कधी विचारायचं सुचलं नाही.

संक्रांतीला अक्का माझ्याकडं आली. अवरेकाईचे, म्हणजे ओल्या वालाच्या शेंगांचे दिवस. दाणे भिजवून ठेवले होते, आम्ही दोघी टेबलाशी बसून एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून काढत होतो. तो सिनेमा आता घरच्या टीव्हीवर आला होता. मी मुद्दाम लावला, काही न सांगता. अक्का हातातलं काम न थांबवता बघत होती. नळ्या फुटल्या तशी म्हणाली, "फोडतोय काय मेला. धुऊन ठेवायचा ना तो?"

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. मी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हटलं, "अक्का, मी पुस्तक वाचलं. त्यात तसलं काही नाही."

"नव्हतंच."

"मग मला कशाला तसं सांगितलंस?"

"तुला कुठं सांगत होते?" तिनं दाणा दाबला, साल बाजूला टाकलं. "अप्पांना सांगत होते."

मधल्या खोलीत अप्पा दुपारचे आडवे व्हायचे. आम्ही उंबऱ्यावर, ते आत खाटेवर, मध्ये दाराचा नुसता पडदा. आई स्वयंपाकघरातून दटावायची, हळू वाच, ते झोपलेत. अक्का काही आवाज कमी करायची नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं तिनं केलं होतं. बोलायची माझ्याशी, ऐकायचं पडद्याआडच्या माणसानं. सरळ बोलायची सोय नव्हती, तर तिनं आपलं म्हणणं एका चोराच्या तोंडी घातलं होतं, आणि रोज थोडं थोडं मांडत होती.

"तू दाराकडं तोंड करून बसायचीस," अक्का म्हणाली. "माझी पाठ तिकडं. पडदा वाऱ्यानं हलायचा, तुला आतलं दिसत असेल. अप्पा जागे असायचे का गं?"

इतक्या वर्षांत तिनं मला असं काही विचारलेलं मला आठवत नाही. ती दाण्यांकडंच बघत होती, पण हात थांबला होता.

अप्पा जागे असायचे. कुशीवर, आमच्याकडं तोंड करून, डोळे उघडे. एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "त्या लोखंडाच्या हाताच्याला घेतला का आत शेवटी?" मी म्हटलं, पुढचा भाग लायब्ररीत नाही. तर शनिवारी दुकानातून परतताना ते स्वतः कुठून कुठून हिंडून पुढचा भाग घेऊन आले आणि न बोलता उंबऱ्यावर ठेवून गेले. तोवर अक्काचं लग्न ठरलं होतं. दिलेला शब्द मागं घेणं अप्पांच्यानं झालं नसतं. आणि पुढं माझी पीयूसी झाली तेव्हा मी काही मागायच्या आत, आईनं विषय काढायच्या आत, अप्पा कॉलेजात जाऊन माझा अर्ज घेऊन आले होते. मला तर शिकायची एवढी हौसही नव्हती. अक्काचं सगळं बोलणं लागू पडलं होतं, फक्त माझ्या नावावर. माझी नोकरी, हा फ्लॅट, ते दाणे सोलायचं टेबल, सगळं तिथून आलेलं.

हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, "झोपलेले असायचे गं. चांगले घोरत असायचे."

अक्काच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिनं पुढचा दाणा उचलला.

"तरीच," ती म्हणाली. "ऐकलं असतं तर पाठवलं असतं गं त्यांनी मला."