पृथ्वीचं दुसरं दूध

मंडळी, आज देवरूखच्या एका शाळेत प्राचीन दगडांवर बोलायला गेले होते.

"अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातलं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, वितळून वर आलं आणि थिजून त्याचा दगड झाला. त्या दगडावरून कळतं, की प्रावरणातून त्याआधीच काही निघून गेलं होतं का." मी सांगत होते, मुलं जांभया देत होती.

मग मला आई आठवली.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी घरापासून दूर भूशास्त्र शिकत होते आणि 'पोरीला परत आणा' म्हणून काका आईच्या मागे लागले होते. सुट्टीत रत्नागिरीला आले, तेव्हा सोलकढीसाठी खोबरं पिळून दूध काढता काढता तिने विचारलं, "नक्की शिकतेस काय गो?" मी हेच सांगितलं.

"म्हणजे दुसरं दूध! पातळ लागलं की कळतं, खोबरं आधी पिळलंय ते."

जेवताना ती काकांना म्हणाली, "भावोजी, पोर पृथ्वीचं दुसरं दूध चाखून बघते. शिकू द्या तिला."

आज मुलांना तेच सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारलं, "मग पहिलं दूध कुठे गेलं?"

तेच शोधण्यात माझा जन्म गेला, आणि तो मला आईने मिळवून दिला.

तुमच्यासाठी घरात असं कोण बोललं होतं?