नेव्हिलने निवडलेलं शांत हॉटेल

नेव्हिल बॅगनलच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही पातळ. आमचं स्टोक म्हणजे इंग्लंडातलं कपबश्यांच्या कारखान्यांचं गाव, आणि इथली ही जुनी कामगारांची घरं अशीच, खांद्याला खांदा लावून उभी केलेली. त्याच्याकडे किटली उकळली की मला कळतं, मी शिंकले की त्याला कळतं. डोरीन, त्याची बायको, होती तोवर त्या भिंतीतून दिवसभर आवाज यायचा. ती गायची, भांडायची, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यालाही उलट उत्तरं द्यायची. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती गेली आणि पलीकडचं बोलणं थांबलं. त्यानंतर नेव्हिलने घरात दोन रेडिओ ठेवले, एक स्वयंपाकघरात आणि एक माडीवर. दोन्ही एकदम चालू.

आता अशा माणसाला लोकांनी काय सल्ला द्यावा? तर म्हणे, तुला शांततेची गरज आहे. डॉक्टरीणबाई तेच म्हणाल्या, चर्चमधल्या बायका तेच म्हणाल्या. "डोरीनचं एवढं आजारपण काढलंस, आता कुठेतरी खेड्यात जा, एकटा राहा, मस्त आराम कर." मला तर एकेकीच्या डोक्यात किटली घालावीशी वाटायची.

कारण हा माणूस जन्मभर कल्लोळात जगलेला. चिनी मातीच्या कारखान्यात तो कपांना कान लावायचा. ओल्या मातीचा कान घ्यायचा, टोकांना पातळ चिखल लावायचा, कपाला टेकवून अंगठ्याने दाबायचा, की झाला पुढचा कप. आजूबाजूला सगळ्या बायका, त्या दिवसभर एका सुरात गायच्या आणि मधूनमधून त्याची टर उडवायच्या. "नेव्हिल, तुझे कप बघ, तुझ्यासारखेच बाहेर आलेल्या कानांचे झालेत!" हा लाल व्हायचा आणि खूश व्हायचा. कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता मोटारी धुतात. पण अजूनही नेव्हिल कुठे चहाला गेला की आधी बशी उलटी करून खालचा कारखान्याचा शिक्का बघतो. आम्ही स्टोकचे सगळेच बघतो म्हणा. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही बशीला काही चिकटलंय का ते बघतोय.

त्याला एकच मुलगी, हेदर. ती नवऱ्यामुळे दूर हेरफर्डशरमधल्या एका खेड्यात राहते. घरात वयात आलेली दोन मुलं, एक मठ्ठ कुत्रा आणि रविवारी ड्रम बडवणारा नवरा, डंकन. म्हणजे नेव्हिलला हवं होतं ते सगळं तिथे होतं. आणि खाली एक रिकामी खोलीही होती.

गेल्या नाताळात तो तिच्याकडे गेला होता. निघताना गाडीत बॅग ठेवता ठेवता हेदर म्हणाली, "डॅड, ती खालची खोली रिकामीच असते हं. म्हणजे, तुला काही नकोच असेल म्हणा. तुला आपलं तुझं घर बरं."

नेव्हिल म्हणाला, "छे छे, माझं मस्त चाललंय."

आणि संपलं. दोघांनीही विषय बदलून रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलणं सुरू केलं. मी मूळची वेल्सची. लग्न करून इथे आले आणि आता इथेच मरणार, पण या इंग्रजांची ही रीत मला आजवर पचलेली नाही. पहिल्या आग्रहाला हो म्हणायचं नाही, म्हटलं तर तो हावरटपणा. दुसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, तू म्हणतेसच तर" म्हणायचं. पण दुसऱ्यांदा विचारणाऱ्यालाही भीड असते, की एकदा नाही म्हटलंय तर परत गळ कशी घालायची! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

नाताळ झाला, ईस्टर झाला, उन्हाळा आला. नेव्हिल दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला. दर रविवारी हेदरचा फोन यायचा आणि तो ठेवल्यावर हा माझ्याकडे यायचा, चेहरा पाडून. "काय म्हणाली?" मी विचारायची. "हवेबद्दल बोललो," तो म्हणायचा.

सप्टेंबरात हेदरनेच सुचवलं, "डॅड, डॉक्टर म्हणतायत तर जाऊन ये ना कुठेतरी. एखादं छान शांत हॉटेल बघ, खेड्यातलं."

तो टॅब्लेट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. त्याला ते बोटाने सरकवायचं जमत नाही. मी चीज घालून ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटची धिरडी, गरम केले आणि आम्ही हॉटेलं बघायला बसलो.

पहिलं निघालं तळ्याकाठचं. सुरेख. नेव्हिल म्हणाला, "बदकं ओरडतात पहाटे."

दुसरं यॉर्कशरमधलं, दगडी, खोलीत शेकोटी, लोकांनी तोंड भरून कौतुक केलेलं. "वारा फार तिकडे."

तिसऱ्याला बाग होती. "गुलाबाने मला शिंका येतात."

"तुझ्या दारात गुलाब आहे, गाढवा."

"तो डोरीनचा आहे," तो म्हणाला, जणू डोरीनच्या गुलाबांना शिंका आणायची परवानगीच नव्हती.

असं करत करत तो एका हॉटेलावर येऊन थांबला. भकास करडी इमारत. राहून गेलेल्यांनी लिहिलं होतं, सूप गार, न्हाणीघर पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, गाद्या खड्ड्यांच्या. एकट्या माणसाला जागा म्हणे स्वयंपाकघराच्या दाराशी. सगळ्यांनी एकच गोष्ट बरी लिहिली होती, की शांतता फार.

"हे चांगलं वाटतंय," नेव्हिल म्हणाला.

"यात काय चांगलं आहे? म्हणायला हॉटेल, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

मी नकाशा उघडला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या हॉटेलापासून शेतातली पायवाट पकडली, की टेकडी उतरल्यावर हेदरचं गाव.

"अरे, मग तिच्याकडेच जा की! हॉटेल कशाला?"

"असं आपणहून कसं जायचं, ग्लेनिस? बोलवायला नको?"

"बोलावलं होतं नाताळात!"

"ते एकदाच." मग टॅब्लेटची काच बाहीने पुसत म्हणाला, "मी तिथे जवळच आहे म्हटल्यावर तिला वाटेल ना, की हॉटेलात कशाला राहतोस, इकडेच ये. ती म्हणेल तसं. आणि एकदा गेलो की मग... खोली तर आहेच."

"आणि नाही म्हणाली तर?"

"नाही कशी म्हणेल?"

मला रडू यायला लागलं, म्हणून मी ओरडले. "फोन उचल आणि सांग तिला, की बाई, मला एकट्याला घर खायला उठतं, मला घेऊन जा. एवढंच वाक्य आहे!"

"असं बोलतात का कुणी," तो म्हणाला. आणि मला शपथ घातली, की हेदरला यातलं अक्षर सांगायचं नाही. रविवारच्या फोनवर मात्र त्याने तिला कळवलं, "तुमच्याच बाजूला येतोय. पण तुम्ही काही धावपळ करू नका हं माझ्यासाठी." आता हेच वाक्य आमच्या वेल्समध्ये कुणी म्हटलं असतं, तर सगळं खानदान केक घेऊन दारात उभं राहिलं असतं. हेदर म्हणाली, "अजिबात नाही करणार डॅड, तू निवांत आराम कर."

ऑक्टोबरात तो गेला. तिथलं सगळं त्याने परत आल्यावर मला सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मान खाली घालून.

जेवणघरात सगळे कुजबुजत बोलायचे. काटेचमचेसुद्धा लोक हळू ठेवायचे. याला खरंच स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं, आणि त्या आठवड्यात त्याला आवडलेली ती एकच गोष्ट, कारण दार उघडलं की आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि आचारी कुणावर तरी खेकसायचा. वाढणारी मुलगी विचारायची, "सगळं ठीक आहे ना?" गार सूप पुढ्यात घेऊन हा म्हणायचा, "छान, छान." सकाळी पायवाटेने टेकडीच्या टोकापर्यंत जायचा. तिथून हेदरचं छप्पर दिसायचं, धुराडं दिसायचं. वारा तिकडून येत असला तर कुत्र्याचं भुंकणंही ऐकू यायचं. तिथे कुंपणाशी उभा राहून ऐकायचा आणि परत फिरायचा.

"खाली का नाही उतरलास?" मी विचारलं.

"न कळवता?" तो म्हणाला.

तिकडे हेदरने मुलांना बजावून ठेवलं होतं, आजोबांना त्रास द्यायला जायचं नाही, ते विश्रांतीला आलेत. ती स्वतः आठवड्याच्या मध्यावर एकदा आली, लिंबाचा केक घेऊन. बैठकीच्या खोलीत दोघं चहाला बसले. भिंतीवर पाटी होती, कृपया शांतता राखा. त्यामुळे बापलेकही कुजबुजत बोलले.

नेव्हिलने खूप धीर करून विचारलं, "तुझी ती खालची खोली. ओल येते का गं तिथे?"

"नाही आता. आम्ही हीटर बसवला, पडदेही नवे लावले."

"वा. छान." तो थांबला. तिने पुढचं बोलावं म्हणून थांबला.

ती म्हणाली, "इथे कसं वाटतंय डॅड? खरं सांग."

आता इथे काय बोलायचं असतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण मुलगी मुद्दाम केक घेऊन आलेली, समोर बसून काळजीने बघतेय, तिच्यापुढे गाऱ्हाणं कसं करायचं? तो म्हणाला, "स्वर्ग आहे. इतकी शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती."

हेदरचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात दाबला आणि म्हणाली, "बरं वाटलं ऐकून." याला वाटलं, आता म्हणेल. तिने केकचा आणखी एक तुकडा त्याच्या बशीत ठेवला आणि कुत्र्याला फिरवायचं म्हणून निघून गेली.

तो परत आला त्यानंतर थोड्याच दिवसांनी हेदरचा मला फोन. डंकनची आई जिन्यात पडली होती, तिला आता एकटं ठेवणं शक्य नव्हतं. "ग्लेनिस आंटी, तिला खालच्या खोलीत आणलंय परवा. तुला म्हणून सांगते, ती खोली मी डॅडसाठी केली होती. पडदेसुद्धा त्याच्या आवडीचे, निळे. त्या दिवशी हॉटेलात विचारणारच होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि म्हटलं, याला आपल्या गोंगाटात कशाला ओढायचं? किती सुखात होता गं तो तिथे!"

शपथ गेली चुलीत. मी सगळं सांगून टाकलं. बदकं, वारा, गुलाब, टेकडीवरचं कुंपण, सगळं. मग "आंटी, मी काय केलं हे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

लगेच भिंतीपलीकडे फोन वाजला. नेव्हिलने रेडिओ बंद केले. मी भिंतीला कान लावला, खोटं कशाला सांगू. हेदर काय बोलली ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण नेव्हिल एकेक शब्द स्पष्ट बोलत होता. "छे छे... कोण म्हणालं?... अगं ग्लेनिस वेल्सची, राईचा पर्वत करते... त्या बिचाऱ्या बाईला नीट सांभाळ... मी? मला गोंगाट सोसत नाही आता." आणि तो हसला. हसणं चांगलं जमलं होतं त्याला.

मग तो माझ्या दारात आला. मी म्हटलं, "ये, हाण मला."

तो आत येऊन खुर्चीवर बसला. हात टेबलावर ठेवले, अंगठे नुसतेच लाकडावर दाबत राहिला. "ती फार रडतेय, ग्लेनिस. त्या म्हातारीला आता बाहेर थोडंच काढणार? जागा तर नाहीच. मग ती जन्मभर अशीच रडत बसेल माझ्यापायी. तू तिला फोन कर आणि सांग, तुझा गैरसमज झाला होता."

"मी नाही असलं खोटं बोलणार."

"प्लीज," तो म्हणाला. आणि मग, या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल, लगेच दुसऱ्यांदा म्हणाला, "प्लीज, ग्लेनिस."

मी फोन लावला. सांगितलं, की बाई, माझं म्हातारीचं काय ऐकतेस, एकटी बसून बसून मनचं रचते झालं. तुझा बाप त्या हॉटेलाचं कौतुक करून माझे कान किटवतोय. हेदरने इतका मोठा सुस्कारा सोडला, की तो समोर बसलेल्या नेव्हिललाही ऐकू गेला असणार.

"देव भलं करो तुझं, आंटी," ती म्हणाली. "मग असं करते, पुढच्या ऑक्टोबरसाठी त्याची तीच खोली आत्ताच सांगून ठेवते. आवडेल ना त्याला?"

मी फोनवर हात ठेवून नेव्हिलकडे बघितलं. त्याने मान हलवली, हो म्हणून.