बग्गी परवडणारी माणसं

पुण्यात मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत माणूस पानावर आला, की नाकाडोळ्यांआधी त्याची मिळकत कळते. वर्षाला इतके पौंड! त्यावरून ठरायचं, बग्गी परवडेल का, मोलकरणी किती, मुली कुठे खपतील. वर्गात आम्ही खिदळायचो. खिदळायला काय झालं होतं? आमच्याकडे तरी स्थळ आलं की पहिला प्रश्न पॅकेजचाच असतो की!

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही डाचायची. वाईट दिवस आले की ही मंडळी बग्गी विकतील, आचारी काढतील. पण घरातली बाई चार पैसे कमवायला बाहेर पडली, की बाकीच्या बायका तिला ओळखच दाखवेनात.

२०२० साली विमानं थांबली आणि इथे आयर्लंडमध्ये नवऱ्याची विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावातली नोकरी गेली. आम्ही गाडी विकली आणि मी सुपरमार्केटात काउंटरवर लागले. मास्क लावून दिवसभर उभं राहायचं, कशालाही 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे 'छान, छान', म्हणणाऱ्या आयरिश आज्यांचं दूध-पाव स्कॅन करायचं. पाय भरून यायचे. पण पहिल्या महिन्याचं घरभाडं माझ्या पगारातून गेलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते.

नवऱ्याने पुण्याला यातलं काही कळवलं नव्हतं. "आईबाबांना झेपणार नाही गं," म्हणायचा. व्हिडिओ कॉल असला की इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. मला काम लागलंय एवढंच त्यांना ठाऊक. सासूबाई नातेवाइकांत सांगायच्या, सून रिटेल मॅनेजमेंटमध्ये आहे. त्याचं तोंड बघून मीही गप्प बसायचे.

गणपतीत पुण्याच्या संध्याकाळच्या आरतीला सगळ्यांनी कॉलवर जमायचं ठरलं. आमच्याकडे तेव्हा दुपार. "आल्या आल्या शर्ट बदल हं, प्लीज," नवरा म्हणाला होता. शिफ्ट लांबली. मी घरी पोचले तेव्हा आरती संपून गप्पा रंगल्या होत्या. बदलायला दोन मिनिटं पुरली असती. पण का म्हणून बदलू? दुकानाचा शर्ट, छातीवर बिल्ला, तशीच जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"अगंबाई, हे काय घातलंयस?" आत्तेसासूबाईंनी विचारलंच.

"दुकानाचा युनिफॉर्म, आत्या. काउंटरवर असते मी."

नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने घसा खाकरला.

"आई, माझी नोकरी गेलीये. कधीचीच. घर हीच चालवतेय."

इतके महिने अडकलेलं बोलला एकदाचा! मला त्याचाही अभिमान वाटला. सासूबाई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी ताठ बसले. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"म्हणजे ती दिवसभर उभी राहून आत्ता घरात आली? आणि तू बसलायस काय असा? ऊठ, चहा टाक तिला. आम्ही आहोत इथे."

आणि आख्खं खानदान माझा चहा होईपर्यंत थांबलं.